दोऱ्याने कापलेला बर्गर

रांग दुकानाच्या दारातून बाहेर पडून, केस कापायच्या दुकानावरून वळून, थेट बँकेच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती, आणि ताई खूश होती. बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिला रांग दिसली की माहेरी आल्यासारखं वाटतं. माणसं एकामागे एक उभी आहेत, कोणी मध्ये घुसत नाही, सगळे पुढे सरकताहेत. तिच्या लेखी यापलीकडे सुख नव्हतं.

"बोक्या, तू काकाजवळ थांब. मी पुढे जाऊन बघून येते किती वेळ लागतोय."

"ताई, रांगेत उभं राहिलं की रांग आपोआप पुढे जाते. बघायला जावं लागत नाही."

"तू लिफ्टवाला. तुला वर आणि खाली, एवढंच कळतं."

बोका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो, टक्कल पडायला लागलंय, एका मुलीचा बाप आहे. पण लहानपणी दुधावरची साय पळवायचा म्हणून काकांनी ठेवलेलं नाव अजून त्याची पाठ सोडत नाही. त्यालाही ते सुटायला नको असावं.

काका कोटाच्या खिशात हात घालून मान वर करून पाहत होते. दारावर मोठी लाल छत्री होती. तिकडे, मायदेशी, त्यांच्या शिवणाच्या दुकानासमोरच्या कोपऱ्यावर होती, तशीच. तिकडच्या पोराटोरांनी डोक्यावर घेतलेला हा छत्रीवाला, म्हणजे बर्गरचं दुकान, आता समुद्र ओलांडून इथे आला होता, ही त्याची या देशातली पहिली शाखा होती, आणि आठवडाभर बोक्याच्या घरात दुसरा विषय नव्हता.

"दांडा उलटा काढलाय छत्रीचा," काका म्हणाले. "तिकडे उजवीकडे वळायचा. आणि हा लाल आहे का? चार वेळा धुतलेला दिसतोय."

"बघ, सुरू झाला," ताई हसली. तिला फार बरं वाटलं. काका कुरकुरला की जग जागेवर आहे, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

आईवडील गेले तेव्हा ताई दहाची नि बोका सहाचा. नातेवाईकांच्या बैठकीत कोणी ताईला मागत होतं, कोणी बोक्याला. दोघांना एकत्र कोणीच मागत नव्हतं. तेव्हा दाराशी उभे असलेले काका म्हणाले होते, "जोडी फोडायची नाही. बुटांची नाही, पोरांची तर नाहीच." लग्न राहून गेलं ते गेलंच. शाळेच्या गणवेशांचा हंगाम संपला की काका दोघांना समोरच्या छत्रीवाल्याकडे न्यायचे. एक बर्गर यायचा. भावंडं तुकड्यावरून भांडायची, म्हणून काका खिशातून रिळ काढायचे, दुहेरी दोरा बर्गरखाली सरकवायचे, दोन्ही टोकं वर आणून फुली घालून ओढायचे. चाकूने पाव दबतो, दोऱ्याने दबत नाही. दोन तुकडे असे पडायचे की भांडायला जागाच उरायची नाही. आणि काका स्वतः?

"मला नाही आवडत ते. खा तुम्ही."

ते चहा मागवायचे आणि दोघांकडे बघत बसायचे.

*

सूनबाई, म्हणजे बोक्याची बायको, रांगेत थोडी मागे लेकीचा, छोटीचा हात धरून उभी होती. तिच्या मनात गुरुवार होता. गुरुवारी काकांचं परतीचं तिकीट होतं.

हिवाळा काढायला म्हणून काका आले होते. हिवाळा सरला. बोका एकदा म्हणाला, काका, आता इथेच राहा. काकांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, "तुमचं सगळं छान आहे हो. पण मला तिकडचीच सवय. तिकडे मला फार बरं असतं," म्हणाले, आणि बोका त्या दिवसापासून फुगून बसला. ताईने निकाल दिला की त्याला जायचंय तर जाऊ द्या, उगाच म्हाताऱ्या माणसाला ओढू नका. दोघं भावंडं यावरून दोन वेळा भांडली. सूनबाईला कोणी विचारलं नाही. तिने राहा म्हटलं असतं तर तोंडदेखलं वाटलं असतं, आणि गप्प राहिली तर सुटका हवी आहे असं वाटत होतं. म्हणजे दोन्हीकडून तीच वाईट.

"काय गं, गप्प का?" ताई पुढची टेहळणी करून परत आली होती.

"काही नाही. ताई, काका माझ्यावर कधीच कुरकुरत नाहीत, नाही?"

"भाग्यवान आहेस! आम्हाला तर उठता बसता. तुला ठाऊक आहे, गल्लीत त्याच्याबद्दल काय म्हणायचे? काका कुरकुरला, 'हे काय कापड आणलंत, आणि खांदे बघा तुमचे, एक वर, एक खाली', की समजायचं, कोट चोख येणार. पण 'होईल हो, छान होईल, तुम्ही निर्धास्त राहा' असं गोड बोलला, की संपलं! कापड कमी पडलंय आणि हा आता डोकं खाजवत बसणार." ताई आठवणीने खळखळून हसली.

सूनबाईला हसू आलं नाही. तिने आमटीत मीठ विसरलं तेव्हा काका म्हणाले होते, छान झालीय हो सूनबाई. तिने पडदे शिवले तेव्हा म्हणाले, छान हो. कोट उसवून सैल करायला दिला तेव्हा, छान कापड आहे हो. अख्खा हिवाळा छान, छान, छान. म्हणजे अख्खा हिवाळा या माणसाला तिच्या घरात कापड कमी पडत होतं की काय?

तिला खरंच वाईट वाटलं. कारण या माणसाचे तिच्यावर उपकार होते. तिचा नवरा रागावला तरी आवाज चढवत नाही, ताटात शेवटचा घास राहिला तर आधी समोरच्याला विचारतो, हे सगळं कोणी शिवलंय ते तिला ठाऊक होतं. ते तिने काकांना कधी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगायच्या कशा?

*

जागा मिळाली ती खिडकीजवळची. ताईने ती एका कुटुंबाचा शेवटचा घास संपायच्या आत हेरून ठेवली होती. बोका ट्रे घेऊन आला. चार बर्गर, चार थंड पेयं, आणि काकांसाठी कागदी पेल्यात चहा.

कोणी विचारलंही नाही. काकाला बर्गर आवडत नाही, हे या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तसं होतं.

काका खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या डोक्यात छोटीची गादी होती. रोज सकाळी ती गुंडाळून सोफ्यामागे उभी केलेली असे. पोरीची खोली त्यांना दिली होती, तिचं टेबल बाहेर बोळकांडीत, तिची पुस्तकं आईबापाच्या कपाटात. भरल्या घरात आपण किती दिवस पाय पसरून बसायचं? पोरांनी प्रेमाने बोलावलं, हेच खूप झालं. समोर बोका पहिला घास घेत होता आणि अगदी तसेच डोळे मिटत होता, लहानपणीसारखे. हे बघायला मिळालं. आणखी काय पाहिजे माणसाला, असं त्यांना मनापासून वाटलं. गुरुवारचा विचार त्यांनी चहाबरोबर गिळून टाकला.

"तीच चव!" बोका तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "ताई, तीच!"

"सॉस जरा जास्त आहे," ताई म्हणाली. पण तिचेही डोळे पाणावले होते.

छोटी आजोबांच्या चहाकडे बघत होती.

"आजोबा, तू का नाही खात?"

"मला नाही आवडत गं ते."

"कधी खाल्ला होतास?"

"मी? कधीच नाही."

"मग आवडत नाही, हे तुला कसं कळलं?"

 बोक्याचा घास गालातच राहिला. ताईने हातातला बर्गर कागदावर ठेवला. दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली, आणि सूनबाईला स्पष्ट दिसलं की दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट, एकाच वेळी, कडेलोट झाल्यासारखी कोसळतेय.

"काका," ताईचा आवाज चिरकला, "तू कधीच खाल्ला नव्हतास?"

"नाही. त्यात काय?"

"म्हणजे आम्ही... तू आमच्यासाठी..." आणि ताई, जिला आगारातले ड्रायव्हर दबून असतात, ती भर दुकानात ढसाढसा रडायला लागली. "इतकी वर्षं! आम्ही मिटक्या मारत खात होतो आणि हा चहा पीत बसायचा! मी एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही, बोक्या!"

"अगं पण मला खरंच..."

"बोलू नकोस! आता तरी खोटं बोलू नकोस!"

बोका उठलाच होता. "सगळ्यात मोठा आणतो."

"अरे बोक्या, नको! ऐक तर. मला त्याचा वाससुद्धा..."

"ऐकणार नाही," बोका म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आठवडाभराचा फुगा फुटला होता. "खूप ऐकलं तुझं."

शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. ताई नाक पुसत काकांचा हात धरून बसली. तो हात सोडवायला काका धडपडत होते, कारण त्याच हातात चहा होता. शेवटी ट्रे आला. दुमजली बर्गर, वर छत्रीचं छोटं कागदी निशाण. बोक्याने तो काकांच्या पुढ्यात असा ठेवला की जणू देवापुढे ठेवतोय.

"खा," तो म्हणाला. त्याने कागदी निशाण सरळ केलं. मग एवढंच म्हणाला, "तुझ्यामुळे आम्ही आहोत, काका. आम्ही कधी म्हटलं नाही. पण माहीत आहे आम्हाला."

 काकांनी डोळे मिचकावले, खाकरले, बर्गर दोन्ही हातांनी उचलला आणि मोठा घास घेतला.

चावला. थांबले. पुन्हा चावला. चार डोळे, छोटीचे आणि सूनबाईचे धरून आठ डोळे, त्यांच्या तोंडावर खिळले होते. काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, एक डोळा बारीक झाला, आणि मोठ्या कष्टाने त्यांनी तो घास खाली ढकलला.

"शी!" ते म्हणाले.

कोणी हललं नाही.

"पाव आहे की केक? साखर कशाला घातलीय यात? आणि ही आंबट काकडी! माणसाने एकतर गोड खावं नाहीतर आंबट खावं. वर हा सॉस, हाताला गोंदासारखा. यासाठी तुम्ही भांडायचात?" त्यांनी बर्गर खाली ठेवला आणि चहाचा मोठा घोट घेऊन चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला. "इतकी वर्षं सांगतोय, नाही आवडत, नाही आवडत. अरे, समोर दुकान होतं माझं! दिवसभर तोच वास. नाकाला कळत नाही का? आवडला असता तर दोन नसते घेतले? तुमच्यासाठी उपाशी बसायला मी काय संत लागून गेलो?"

"म्हणजे... खरंच आवडत नाही?" ताईने हुंदक्यातच विचारलं.

"नाही म्हणजे नाही! माझ्या शब्दाला या घरात किंमत आहे की नाही?"

आधी छोटी हसली. मग बोका. मग ताई रडता रडता इतकी हसली की तिला ठसका लागला आणि शेजारच्या टेबलावरच्या एका बाईने उठून तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. काकांना मात्र अजून राग होता. ते कागदी रुमालाने बोटं पुसत पुटपुटत होते.

सूनबाई हसली नाही. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलत विचारते, आधीची बरी दिसते की ही? आणि लोक संकोचाने खोटं सांगतात, दोन्ही छान आहेत म्हणतात. खरं उत्तर चेहऱ्यावर आलं की तिला कळतं. आत्ता काकांच्या चेहऱ्यावर खरं उत्तर होतं: आठ्या, बारीक डोळा, वैताग. आणि 'तिकडे मला फार बरं असतं' म्हणताना? तेव्हा एकही आठी नव्हती. साखर नुसती! भावंडांना ती गल्लीतली म्हण तोंडपाठ होती, पण दिव्याखाली अंधार.

 चुकले तर? पण गुरुवार जवळ आला होता.

"काका," ती म्हणाली, "एक विचारू? गोड उत्तर चालणार नाही."

"विचार की हो सूनबाई."

"तिकडे तुम्हाला कसं असतं?"

काकांचा चेहरा एकदम सैल झाला. "तिकडे ना? छान असतं हो. शेजार चांगला, हवा चांगली, मला तर अगदी..."

"काका, कापड कमी पडलंय."

काका बोलायचे थांबले. ताईचं हसू विरलं. तिने भावजयीकडे बघितलं, मग काकांकडे, आणि तोंडावर हात ठेवला.

"मला कुरकुर करून सांगा," सूनबाई म्हणाली. "जशी यांच्याशी करता तशी. मला छान, छान नको आहे तुमचं."

काकांनी चहाच्या पेल्याची कडा नखाने खरवडली.  मग त्यांच्या कपाळावर, हळूहळू, पहिली आठी आली.

"काय सांगायचं त्यात?" ते तुसडेपणाने म्हणाले. "दुकान बंद केल्यापासून खोलीत एकटा. सकाळी पेला जिथे ठेवतो, संध्याकाळी तिथेच असतो. हलवणार कोण? कुलूप उघडायचा कंटाळा येतो. म्हणून बाहेर बसतो पायरीवर. आणि इथे? इथे ही पोरगी रोज माझा चष्मा लपवते. बोका सकाळी दारं आपटतो. नळ गळतो. नुसता वैताग!"

"मग?" बोक्याने हळूच विचारलं.

"मग काय? वैताग येतो तरी! तिकडे तोही येत नाही." त्यांनी पेला बाजूला सारला. "पण पोरीची खोली अडवून बसलोय मी. ती गादी गुंडाळते रोज. दिसत नाही का मला?"

"पण मला आवडतं बाहेर झोपायला," छोटी म्हणाली. "नाहीतर आपण दोघं खोलीत राहू. फक्त तू घोरतोस."

"मी? छे गं राणी, मी अजिबात नाही हो घोरत," काका म्हणाले.

हे इतकं गोड आलं की सगळं टेबल खो खो हसत सुटलं, आणि शेवटी काकाही.

*

मोठा बर्गर तसाच पडला होता, एका घासाचा खड्डा घेऊन. काकांनी खिशात हात घातला. रिळ होतंच. शिंप्याच्या खिशात रिळ नसेल तर काय असेल? त्यांनी कागदी निशाण काढून छोटीला दिलं, दुहेरी दोरा खालून सरकवला, फुली घातली आणि ओढला. मग ट्रे फिरवून पुन्हा एकदा.

ताई आणि बोका श्वास रोखून बघत होते, जणू आपल्या वाट्याला लहान तुकडा येईल की काय.

"चार?" बोका म्हणाला.

"मोजता येतं ना तुला?" काका म्हणाले. एक तुकडा ताईपुढे, एक बोक्यापुढे, एक छोटीपुढे. चौथा त्यांनी सूनबाईसमोर सरकवला आणि तिच्याकडे न बघता दोरा बोटाला गुंडाळायला लागले.

तिला भूक नव्हती. तिने तो तुकडा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

घरी परतताना काका सबंध रस्ता बोलत होते. बसच्या सीटा कडक आहेत. वळणावर ड्रायव्हरने हिसका दिला, ताई, काय शिकवता तुम्ही यांना? गुरुवारच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात का ते बोक्याने उद्याच बघावं, नंतर मग धावाधाव नको. नळाला वायसर घालायला लिफ्टवाल्याला वेळ नसेल तर आपण घालू.  बोका खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि ताई त्याचा खांदा धरून. दोघांनाही वाटत होतं की हा रस्ता आणखी लांब असायला हवा होता.

दार उघडून आत येताच काका बैठकीच्या खोलीत मधोमध उभे राहिले. कमरेवर हात ठेवून त्यांनी खिडकीकडे नीट पाहिलं, अख्खा हिवाळा ज्याकडे पाहून छान म्हणत आले होते तिकडे.

"आणि हे पडदे!" ते कडाडले. "शिवण आहे की सापाची चाल? एक बाजू गुडघ्याला, एक घोट्याला. उद्या सगळे उसवतो. शिवले कोणी हे? डोळे मिटून शिवले काय?"

"मी शिवले," सूनबाई म्हणाली.

"तरीच!" काका म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडून घेतलं. इतकं बरं तिला या घरात कधी वाटलं नव्हतं.